सिस्टरबाईंचं जहाज

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला की आधी हवा, मग पिकं, मग गावातली लग्नं आणि सगळ्यात शेवटी मूळ काम, असा त्यांचा क्रम ठरलेला आहे. माघातल्या त्या सकाळीही त्यांनी थंडी उतरल्याचं सांगितलं, हरभरा काढायला आल्याचं सांगितलं, म्हैस लंगडायला लागल्याचं सांगितलं. मी सोलापुरात शाळेला निघायच्या गडबडीत. बरं अण्णा, संध्याकाळी बोलू, म्हणून फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाले, "आक्का गेली सकाळी." मी खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली. त्यांनीच विचारलं, "ऐकायलीस नव्हं?"

आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी कौसाआत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचे यजमान वारले, मूलबाळ नव्हतं. कळंब तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत तिनं उभा जन्म नर्स म्हणून काढला, आणि रिटायर झाल्यावर येरमाळ्याच्या अलीकडं आमच्या गावी, अण्णांच्या घराला लागून दोन खोल्या बांधून राहिली. नोकरी संपली तरी हुकूम संपले नव्हते. गावातले मिशावाले पुढारीसुद्धा तिच्या ओट्यावर जीभ बाहेर काढून उभे राहायचे. आमचा कुत्रा तिनं "बस" म्हटलं की बसायचा, आणि त्याच्या शेजारी अण्णाही बसायचे असं आई म्हणते.

मासेमारीचा नाद तिला ब्लडप्रेशरमुळं लागला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. ती गावामागच्या साठवण तलावापर्यंत चालत जायची आणि उरलेला वेळ तिथं बसायची. एकदा तिथल्या एका गळवाल्यानं चहाला जाताना त्याची दोरी जरा वेळ तिच्या हातात दिली. तो परत येईपर्यंत आत्यानं एक मासा ओढून काठावर आणला होता आणि दोरी परत द्यायला ती तयार नव्हती. तलावाचा ठेका ज्याच्याकडं होता त्याची सगळी लेकरं तिच्याच हातावर जन्मलेली, त्यामुळं परवानगीचा प्रश्न आला नाही. उलट तोच अधूनमधून विचारायचा, बाई, आज म्या जाळं टाकू का?

अडचण वेगळीच होती. थंडीत मासा तळाला गप पडून असतो. फाल्गुनात पळस फुलला, उन्हाचा चटका बसायला लागला, की काठाजवळचं उथळ पाणी आधी कोमट होतं आणि चिलापी थव्यानं तिकडं येते. पण नेमकी तिथंच बेशरमीची झुडपं माजलेली. काठावरून टाकलेला गळ हमखास झुडपात अडकायचा. म्हणजे पाण्याच्या बाजूनं काठाकडं गळ टाकायला पाहिजे होता. आत्यानं चार निळी प्लास्टिकची पिंपं मिळवली, वेल्डिंगवाल्याकडून त्यावर लोखंडी सांगाडा करून घेतला, वर जुन्या दाराची फळी टाकली आणि बसायला चौरंग ठेवला. कडेनं कठडाही लावून घेतला, कारण पेशंट पडला तर जबाबदारी सिस्टरची असते. बांबूनं रेटत हा तराफा पाण्यात निघाला तेव्हा निम्मं गाव बघायला आलं होतं. त्याच दिवशी त्याचं 'सिस्टरबाईंचं जहाज' असं बारसं झालं.

अण्णांना हे अजिबात सोसलं नाही. ते त्या वेळी गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख, पांढरीशुभ्र टोपी, बोलणं मोजकं. साठी ओलांडलेली बहीण पदर खोचून पिंपांवर बसते आणि लोक चहाच्या टपरीवर तिच्या गोष्टी सांगतात, याची त्यांना लाज वाटायची. घरात बोलायची सोय नव्हती, कारण घरात आत्याच बोलायची. म्हणून फाल्गुनातल्या एका सकाळी ते निर्धारानं तलावावर गेले.

पुढचं मी दोघांकडूनही ऐकलं आहे, आणि पाणी ओलं होतं एवढं सोडलं तर दोघांचं कशावरच एकमत नव्हतं. अण्णांनी काठावरून मोठ्यानं सुरुवात केली तेव्हा आत्या म्हणाली, वरडलास की मासं पळतेत, वर ये आणि बोल. अण्णा धोतर सावरत चढले. चढताना आधाराला तिच्या हातातला बांबू घेतला आणि तो काठावरच ठेवून दिला. तराफा बाभळीला बांधलेला होता, पण ती गाठ त्यांना बाईमाणसाची वाटली. जन्मभर बैल बांधलेल्या माणसानं ती सोडून स्वतःची गाठ मारली आणि चौरंगावर बसून बोलायला सुरुवात केली. घराणं, अब्रू, वडिलांचं नाव, लोक काय म्हणतील, असं सगळं क्रमानं आलं. वडिलांच्या नावापर्यंत येईस्तोवर बाभळ बरीच लांब गेली होती.

अण्णांना पोहता येत नाही. त्यांनी कठडा धरला आणि भाषण थांबवलं. आत्यानं गाठीबद्दल एक शब्द काढला नाही, याचा त्यांना आजही राग आहे. ती कणकेचा गोळा गळाला लावत शांत बसली होती. वारं होतं, तराफा हळूहळू तलावाच्या मध्यावर गेला. काठावर गुरं राखणारा एकजण हात हलवून गेला. त्याला वाटलं, बहीणभाऊ मजेत आहेत. बराच वेळ गेला. मग अण्णा पाण्याकडं बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "लोकं म्हनतेत, भावानं सांभाळली न्हाय, म्हून बहीन मासं धरून खाती."

हे मात्र दोघांनीही मला सारखंच सांगितलं. आत्या त्यांच्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत भावाला नेमकं कुठं दुखतंय हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि ती तर दुसऱ्यांची दुखणी ओळखण्यातच म्हातारी झालेली. ती म्हणाली, "येड्या, तुझ्या घरचं दोन टायमाचं जेवन खाऊनच एवढी ताकद आलीय. जन्मभर मानसं वरडताना ऐकली म्या. हितं कुनी वरडत न्हाय, म्हून येते." आणि तिनं गळाची काठी त्यांच्या हातात दिली.

आता अण्णांच्या म्हणण्याप्रमाणं त्यांनी काठी फक्त धरायची म्हणून धरली. पण दोरी ताणली, काठी वाकली, आणि भजनी मंडळाचे प्रमुख कठडा सोडून उभे राहिले. ओढा की सोडा यावरून दोघांची अशी जुंपली, की मासा घाबरूनच वर आला असावा. तळहाताएवढी चिलापी होती. अण्णांनी ती टोपीत ठेवली, दुसरं भांडं नव्हतं. त्यानंतर काठी त्यांनी परत दिलीच नाही. दुपारी वाऱ्यानं तराफा पलीकडच्या गावाच्या काठाला लागला तेव्हा ते म्हणाले, एवढ्यात कामून उतरायचं? शेवटी कडब्याच्या ट्रॅक्टरवर बसून दोघं परत आले. वेशीत, टपरीसमोर, अख्ख्या गावानं बघितलं... उघड्या डोक्याचे अण्णा आणि त्यांच्या मांडीवर माशांनी भरलेली टोपी. भजनी मंडळात त्यावर चर्चा झाली. अण्णांनी प्रमुखपद आपणहून सोडलं. तसंही फाल्गुनात सकाळी त्यांना वेळ नसायचा.

त्यानंतर दरवर्षी होळी ते पाडवा दोघं तराफ्यावर. कणकेत हिंग घालावा की नाही यावरून भांडण, कोणाच्या सावलीनं मासा पळाला यावरून भांडण. मी सुट्टीला गेले की काठावरून त्यांची नुसती कुजबुज ऐकू यायची, कारण मासं पळतील म्हणून भांडायचं तेही दबक्या आवाजात.

यंदा पौषात आत्याला छातीत दुखायला लागलं, म्हणून धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. तिथं तिनं सलाईन लावणाऱ्या पोरीची सुई काढायला लावून दुसऱ्या शिरेत घालून घेतली, आणि शेजारच्या कॉटवरच्या बाईला पथ्य सांगितलं. पण हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा ते का, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरी आल्यावर ती रोज अण्णांना तलावावर पाठवायची, पाण्यात हात घालून बघायला. शेवटच्या संध्याकाळीही तिनं विचारलं, पाणी कोमट झालं का? अण्णा म्हणाले, अजून गारच हाय. ती म्हणाली, "मग घाई करू नको."

परवा मी गावी गेले होते. पळस फुललाय. अण्णा सकाळीच तलावावर गेले होते, एकटे. दुपारी मासा घेऊन आले ते आमच्या घरात न येता थेट आत्याच्या खोलीत शिरले. तिथं दाराच्या मागं, कापडी झोळीचा तो ताणकाटा अजून टांगलेला आहे. नव्या जन्मलेल्या बाळाला झोळीत घालून ज्यावर वजन करतात, तो. धरलेला प्रत्येक मासा आत्या त्या झोळीत घालायची, चष्मा वर करून काटा बघायची आणि वजनाऐवजी तब्येत सांगायची. अण्णांनी मासा झोळीत ठेवला, काटा स्थिर होईपर्यंत थांबले. मी उंबऱ्याशी उभी. तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरातून, तवा चुलीवर ठेवता ठेवता, आईनं नेहमीसारखा आवाज दिला, "काय म्हनतेत वो वन्सं?"

विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं असावं. अण्णांनी चष्मा वर केला, पुन्हा एकदा काटा नीट बघितला आणि म्हणाले, "तब्येत बरी हाय म्हनती. घरी न्यायला हरकत न्हाय."