हद्दीचा खांब

मिरज स्टेशनातून आम्ही तिघे एकाच दिवशी निघालो. दत्तू परभणीला, बंडा चांद्याकडे आणि मी डहाणूला. वस्ताद स्वतः पोचवायला आले होते. त्यांना आम्ही लंगोटाशिवाय दुसऱ्या वेषात फारसं पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी ते कोट-टोपी घालून कुणा लग्नाला निघाल्यासारखे अवघडून उभे होते. "मिरज-पुण्यात मल्लखांब जाणणारे पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "खेळ इथंच राहिला तर आपल्याबरोबर म्हातारा होईल. ज्यांनी नावसुद्धा ऐकलं नाही तिथं खांब पुरा." गाडी हलताना आई खिडकीला धरून चालू लागली आणि वस्तादांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "एक लाकूड पुरायला माणसं एवढ्या लांब जातात होय रे, सदा?"

दत्तू, बंडा, आणि तालमीत मागे राहिलेले तुम्ही सगळे, भेटलो की विचारता, तिकडे सुरुवात कशी झाली? मी हसून टाळत आलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तळासरीजवळच्या एका शाळेत मी व्यायामशिक्षक म्हणून लागलो. डहाणू रोडला उतरून एस.टी.ने आत जायचं. वाटेत ताडाची झाडं, गवताच्या प्रचंड गंज्या, आणि मग लांब लांब पांगलेले पाडे. मी दिसलो की बोलणारी माणसं गप्प व्हायची. पोरं पळायची. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी, बोलणं घाटावरचं. त्यांच्या लेखी मी सरकारचा माणूस. आणि सरकारच्या माणसानं त्या मुलखात कधी काही दिलेलं नव्हतं, नेलेलंच होतं.

त्यात ते दिवसही वाईट होते. मुंबई राज्य मोडून दोन राज्यं होणार, हे ठरत आलं होतं. उंबरगाव गुजरातेत जाणार, मग तळासरी कुठं? डहाणू कुठं? बाजारात मराठी, गुजराती, वारली तिन्ही बोल्या एका वाक्यात चालायच्या, पण त्या हिवाळ्यात माणसं बोलताना आधी समोरच्याचा चेहरा बघू लागली. कुणी म्हणे पाड्यामधून तार ओढणार. कुणी म्हणे पलीकडे दिलेल्या मुलीला माहेरी यायला पास लागणार. खरं काय ते हेडमास्तरांनाही ठाऊक नव्हतं.

अशा वेळी मी खांब पुरला.

हेडमास्तरांनी खटपट करून सरकारी डेपोतला सागाचा ओंडका मिळवला होता. डहाणूच्या सुतारानं मी सांगेन तसा तो तासला, खाली जाड, वर निमुळता, वर मान आणि डोक्यावर बोंड. बैलगाडीतून आणला. शाळेच्या मैदानाच्या कडेला, पाड्यावरून गुरं चरायला न्यायची वाट होती, तिथं जमीन मऊ म्हणून खड्डा तिथंच घेतला. खांब उभा केला, माती लोटली. अंधार पडू लागला म्हणून माती धुमसून घट्ट करायचं काम उद्यावर टाकलं. पोरांनी फार जवळ येऊ नये म्हणून भोवती चुन्याची पांढरी रेघ मात्र आखून ठेवली.

सकाळी बाहेर आलो तर मैदानात माणसं उभी. तीस-चाळीस असतील. बहुतेकांच्या कमरेला कोयते. ते तिथं नेहमीच असतात, हे मला माहीत होतं. पण काहींनी ते हातात घेतले होते, तेही दिसत होतं. कुणी ओरडत नव्हतं. हेडमास्तर डहाणूला गेलेले. शाळेत मी एकटा.

पुढे नवश्या होता, पाड्याचा कारभारी. मागच्या, वेठबिगारीविरुद्धच्या चळवळीत पोलिसांचा मार खाऊन त्याचा एक खांदा उतरलेला होता. त्यानं रेघेच्या बाहेर उभं राहून खांबाकडे बोट केलं.

"यो खांब कोनाचा, मास्तर?"

"शाळेचा."

"शाला तिकडं. खांब आमच्या वाटंवर. आन् चुना? चुना तं मोजनीवालं घालतात."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ते याला हद्दीचा खांब समजत होते.

"खेळायचा आहे तो," मी म्हणालो. "याच्यावर चढून कसरत करतात."

कुणीतरी हसलं. ते हसणं चांगलं नव्हतं. "खांबाशी कोन खेलतं?" मागून आवाज आला. नवश्या हसला नाही. "माझी बहीन तिकडं सोलसुंब्याला दिलेली," तो म्हणाला. "यो खांब हितं राहला तं ती परक्या राज्यात. आमी उपटून टाकू. तुजा राग नाय. तू बाजूला हो."

बाजूला व्हायला हवं होतं, असं आजही कधी कधी वाटतं. पण वस्तादांची थाप पाठीवर होती आणि वय चोविशीचं. मी म्हणालो, "उपटा. पण आधी बघा. मग उपटा."

सदरा काढला, शिट्टी काढली, लंगोट कसला. तेलाची बाटली घाईनं उघडली, अर्धं तेल मातीत गेलं. खांबाला हात लावून कपाळाला लावला. तेवढ्यानं पुढची दोन माणसं जरा मागे सरली. नमस्कार त्यांना कळला. मग उडी घेतली, पायांच्या अढीत खांब पकडला आणि उलटापालटा होत वर चढलो. बोंडावर पोटाचा तोल घेतला, हातपाय सोडले. तालमीत शेकडो वेळा केलेली गोष्ट. आणि त्याच क्षणी खांब हलला.

आधी वाटलं, भोवळ आली. मग क्षितिज तिरकं झालेलं दिसलं. मी वर चढत असताना मागच्या बाजूनं एका पोरानं पहारीनं माती उकरायला घेतली होती. आमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. माती ओली, न धुमसलेली. खांब माझ्या वजनासकट शाळेच्या दगडी ओट्याकडे कलू लागला. उडी मारावी तर ओट्यावरच पडणार, आणि वरून सागाचं लाकूड.

"धरा! धरा रं!" नवश्या ओरडला.

तो रेघ ओलांडून धावला आणि आपला उतरलेला खांदा खांबाला दिला. त्याचं कळवळणं मला वर ऐकू आलं. मग दुसरा आला, तिसरा आला. कोयते टाकून माणसांनी चहूकडून खांब कवळला. मी त्यांच्या डोक्यांवरून, खांद्यांवरून, तेलानं निसरडा होत खाली आलो. मी तिथंच मातीत बसलो.

खांब अजून त्यांच्या मिठीत होता. सोडावा तर पडणार. नवश्यानं त्या पहारवाल्या पोराकडे पाहिलं. त्याचाच मुलगा, लाडक्या, नुकतं मिसरूड फुटलेला. तो भीतीनं पांढरा पडला होता.

"माती लोट," नवश्या म्हणाला.

"कुठं?"

"खड्ड्यात, आनखी कुठं! आन् दाबून लोट." मग माझ्याकडे वळून, खांदा चोळत, "हद्दीचा नाय ना? आयची आन घे."

मी आईची शपथ घेतली. चुन्याची रेघ मी स्वतः पायानं पुसून टाकली. खांबही त्यांनीच सांगितलेल्या जागी, वाट सोडून आत, नव्यानं पुरला. भीती लगेच गेली असं नाही. राज्य होईपर्यंत रोज सकाळी मी आधी खिडकीतून बघायचो, खांब आहे की नाही. शेवटी हद्द खरोखरच पडली. नवश्याची बहीण गुजरातेत गेली. पण तार काही आली नाही, आणि होळीला ती नेहमीसारखी चालत माहेरी आली. त्यानंतर लाडक्या मैदानात आला. काही न बोलता त्यानं अंगरखा काढला.

ताडावर चढणाऱ्या पायांना अढी शिकवावी लागली नाही. उतरायचं मात्र शिकवावं लागलं. तो वरच रमायचा. त्याच्यामागून दहा आले, मग पंचवीस. पुढे झाईच्या मच्छीमारांनी आपल्या पोरांसाठी बोलावणं धाडलं, तिथं लाडक्यानंच दोरीचा मल्लखांब टांगला.

काही वर्षांनी मी पाच पोरांना घेऊन मिरजेच्या स्पर्धेला आलो, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. तुम्हीच कुजबुजत होता, "हे कुठले रे?" लाडक्या वर गेला तेव्हा मी खांबाजवळ सरकलो; तो मिरजेच्या खांबावर कधी चढलेला नव्हता. बोंडावर तोल घेऊन तो थांबला, थांबलाच, आणि वस्ताद नकळत खुर्चीतून उठून उभे राहिले. बक्षीस तुमच्या तालमीच्या पोराला मिळालं, ते रास्तच होतं. लाडक्या उतरताना घसरला होता.

दुसऱ्या दिवशी पोरं आमच्या घरी जेवली. निघायची वेळ झाली तरी त्यांचं आवरेना. मी ओसरीवरून हाक मारली, "चला रे, उशीर होतोय. घरी जायचंय."

आई दारात उभी होती. तिनं ऐकलं. मला 'घरी' हा शब्द परत घ्यावासा वाटला, पण घेता येईना. तो खोटा नव्हता. मग तिनं लाडक्याची विसकटलेली कॉलर नीट केली आणि त्याला म्हणाली, "याला सांभाळून ने रे, बाबा."