कुत्री कुणाला द्यायची?

टलॉकांचा एवन नट कसा झाला, हे आमच्या खोऱ्यात जो तो आपापल्या सोयीने सांगतो. गावची नाटकं बसवणारी मॅविस पेव्हरेल तर म्हणते, तिनेच त्याला घडवला. खरं एवढंच, की गावच्या सभागृहातल्या वार्षिक नाटकात पाद्रीचं काम करणारा गालगुंडाने आडवा झाला आणि खुर्च्या मांडायला आलेल्या एवनला तिने मानगूट धरून रंगमंचावर उभा केला.

हा गडी छपराखाली टिकणारा नव्हेच. जेवणसुद्धा बाहेर पायरीवर. पण डोंगरात मेंढरं वळवणाऱ्या कुत्र्यांना हाका घालून कमावलेला आवाज ठार बहिऱ्यालाही ऐकू जावा असा. डनीडन शहरात नाटक मंडळी चालवणाऱ्या एक बाई त्या दिवशी पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी त्याला चाचणीला बोलावलं.

तिथे पठ्ठ्याची फजिती. नायिकेकडे बघेचना. नजर तिच्या खांद्यापलीकडे आणि चाल तिरकी, वळसा घेत.

"अरे, तिच्याकडे बघ की," बाई म्हणाल्या.

"डोळ्यांत बघितलं की पळतात."

"कोण?"

"मेंढरं."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. तसंच पुढे कर म्हणाल्या. बघता बघता नायिका मागे सरकत कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, आणि आपण इथे कशा आलो हे तिचं तिलाच कळेना. एवनला भूमिका मिळाली. तालीम सोमवारपासून, एक दिवसही सूट नाही.

नेमका तोच आठवडा बर्फाआधी मेंढरं खाली उतरवायचा. सगळ्यात वरच्या कडेची मेंढरं हाकून आणणं दरवर्षी एवनकडे, कारण त्याच्या बापाचा, सँडीचा, गुडघा कधीचाच गेलेला. एवनने नाटकघराच्या आतल्या बोळातूनच घरी फोन लावला. सँडीने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "मग कुत्री कुणाला द्यायची?"

आमच्याकडे हा प्रश्न कुणी उगाच विचारत नाही. परत येणाऱ्याच्या कुत्र्यांना दुसरा कुणी कामाला लावत नाही. कुत्री दिली, म्हणजे माणूस डोंगराला मुकला.

एवन म्हणाला, "तुम्हीच घ्या, बाबा. वर तुम्हालाच जावं लागणार."

"माझी शीळ ऐकत नाहीत ती. तुझी शिकव."

एवनने बोळातच शीळ घातली. डावीकडे. उजवीकडे. थांब. नाटकघरात शीळ म्हणजे महाअपशकुन. पडदे ओढणारा म्हातारा धावत आला आणि त्याने एवनला दंडाला धरून रस्त्यावर काढलं. एवनने तिथे उभं राहून चौथी शीळ घातली, घेऊन ये. पलीकडून सँडी पडक्या दातांतून निम्मी हवा सोडत गिरवत होता. मध्येच थांबला.

"बाबा?"

"फोनमधली तुझी शीळ ऐकून कुत्री फाटकाशी गेलीत. रस्त्याकडे तोंड करून उभी आहेत."

"बोलवा त्यांना."

सँडीने शीळ घातली. पुन्हा घातली. आपण एकदा घातली तर ती त्या क्षणी वळतील, हे एवनला ठाऊक होतं. त्याने ओठ दातांखाली घट्ट धरले, आणि फोन कानाला लावून बापाची ती बेसूर शीळ ऐकत राहिला.