कोर्टात गेलेली भाकरी

आधी माफी मागते. मी सुमन, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून कधी जागेवर पडले नाहीत. अक्षरही वेडंवाकडं आहे, पण त्यातला अर्धा दोष माझा आणि अर्धा एका पांढऱ्या गाडीचा. माझ्या उजव्या मनगटात स्टीलची पट्टी आहे. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे. तरी कुणाच्या हाती पडलंच तर समजावं म्हणून सगळं नीट सांगते.

बारामतीच्या कोर्टात मी साक्षीला उभी होते. समोर इन्शुरन्स कंपनीचे वकील होते. त्यांनी माझ्यापुढे एक मोठा फोटो धरला. फोटोत आमच्या घरातलं ताट होतं. ताटात पिठलं, ठेचा, कांदा आणि भाकरी.

"मावशी, ही भाकरी कुणी केली?"

मी खाली बघितलं. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. त्यात नुकतीच खरं बोलायची शपथ घेतली होती. आणि खरं सांगितलं तर मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, अब्रू जाणार होती.

हे सगळं कसं झालं ते सांगते.

माझा धंदा भाकरीचा. आम्ही लासुर्ण्याचे. वालचंदनगरला हमीदाभाभीची खानावळ आहे, तिथं मी भाकऱ्या करत होते. एकटी राहणारी कामगार माणसं, ट्रकवाले, मास्तर असे सगळे तिथं जेवायला येतात. कालवणाची चव भाभीची आणि भाकरी माझी, अशी आमची वाटणी. भाकरीला जोर लागतो तो मनगटाचा. पीठ मळताना तळहाताची टाच दाबावी लागते. थापताना हात दाबायचाही असतो आणि फिरवायचाही. मनगट वळलं नाही तर भाकरी फिरत नाही, आणि फिरली नाही तर गोल होत नाही.

एका सकाळी मी खानावळीत जायला रस्त्याच्या कडेला वडापची, म्हणजे शेअर जीपची, वाट बघत उभी होते. एक पांढरी गाडी उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायला निघाली आणि थेट माझ्याकडे आली. मी उडून पडले ती उजव्या हातावर. मनगटाचा चुरा झाला. गाडीवाला माणूस चांगला होता. पळून गेला नाही. मला त्याच गाडीत घालून बारामतीला दवाखान्यात नेलं. रस्ताभर तोच माझ्यापेक्षा जास्त रडत होता. शेवटी मीच त्याला म्हणाले, "दादा, पुढं बघून चालवा."

ऑपरेशनचे पैसे हमीदाभाभीने भरले. खानावळीचा पत्रा गळतो म्हणून नव्या पत्र्यासाठी तिने ते साठवले होते. पुढचा सगळा पावसाळा खानावळीत भाताच्या पातेल्याशेजारी गळतीची पातेली मांडलेली होती. गिऱ्हाईक विचारायचं, "भाभी, यातलं कोणतं वरण?" ती हसायची. मला मात्र तो ठिबकण्याचा आवाज घरी झोपेतही यायचा.

हात जोडला गेला, पण मनगट पुरतं वळेना. चमचा धरता येतो, पेन धरता येतं, भाकरी थापता येत नाही. मग शिंदे वकीलबाई भेटल्या. त्यांनी समजावलं. गाडीने इजा झाली तर त्या गाडीच्या इन्शुरन्स कंपनीकडे भरपाई मागता येते. त्यासाठी कोर्टात दावा लावायचा. बोलताना सगळे त्याला क्लेम म्हणतात. डॉक्टरांनी अपंगत्वाचा दाखला दिला. गाडीवाल्याने चूक कबूल केली. भाभी माझ्या पगाराची साक्ष देणार होती. सगळं सरळ चाललं होतं.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगावी लागेल.

आमचे मालक ट्रॅक्टर चालवतात. मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांचा जिवलग मित्र बापू. बापूने एकदा बायकोची साडी दोरीवर वाळत घातली, ती मालकांनी पाहिली. तेव्हापासून किती वर्षं झाली, पण बापू दिसला की हे ओरडणार, "काय बापूराव, आज कुठली वाळत घातली? काठाची का बिनकाठाची?" अख्खी चावडी हसायची. बापू खाली मान घालून तंबाखू मळत बसायचा.

माझा हात मोडल्यावर घरी भाकरी करणार कोण? मुलगी सासरी, मुलगा नोकरीला लांब. मालकांनी चार दिवस भात खाल्ला. पाचव्या दिवशी दार लावून घेतलं, पीठ मळायची काठवट पुढे ओढली आणि म्हणाले, "सांग कसं करायचं. पण बाहेर बोललीस तर बघ."

पहिली भाकरी मी कुत्र्याला टाकली. त्याने हुंगून माझ्याकडे बघितलं आणि उन्हात जाऊन बसलं. पण माणूस चिकाटीचा. रोज दार लावायचं, खिडकीला पोतं टांगायचं आणि भाकऱ्या बडवायच्या. हो, बडवायच्याच. थापण्याचा तो आवाज नव्हता. शेजारची काकू एकदा विचारून गेली, "काय गं, तात्या मारत्यात का काय तुला?"

मी म्हणाले, "न्हाय काकू, उंदीर मारत्यात."

हळूहळू भाकऱ्या खाण्यासारख्या झाल्या. गोल मात्र कधीच झाल्या नाहीत.

अशाच एका दुपारी दारात मोटरसायकल थांबली. एक गृहस्थ घामाघूम होऊन उतरले. इंदापूरला चाललोय, पाणी मिळेल का म्हणाले. दुपारी दारात आलेल्या माणसाला नुसतं पाणी देऊन कसं पाठवायचं? मी जेवायचा आग्रह केला. भाकऱ्या नुकत्याच तव्यावरून उतरल्या होत्या. मालक कोपरापर्यंत पिठात, स्वयंपाकघराच्या दारामागे उभे.

पाहुणा जेवता जेवता म्हणाला, "मावशी, तब्येत कशी आहे?"

"बरं हाय की."

"हाताला काय झालं होतं म्हणे?"

"आता बरं हाय."

आमच्याकडे कुणी कसं काय विचारलं तर बरं हाय म्हणतात. ताप असला तरी बरं हाय. म्हैस मेली तरी बरं हाय. पाहुण्यासमोर रडगाणं गायची पद्धतच नाही.

मग त्याने विचारलं, "भाकरी छान आहे. तुम्हीच केली का?"

दारामागून मालक हात जोडत होते. मिशीला पीठ लागलेलं. नको नको करत मान हलवत होते. मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून मी म्हणाले, "व्हय, मीच केली. आन कोण करणार?"

त्याने ताटाचा फोटो काढला. आवडली असेल म्हणून काढला, असं मला वाटलं. मी आणखी एक भाकरी वाढली.

तो इन्शुरन्स कंपनीचा माणूस निघाला.

त्याने रिपोर्ट लिहून दिला, की बाईंचा हात बरा आहे, भाकऱ्या स्वतः करतात, मी खाऊन आलो. तोच फोटो आता वकील माझ्यापुढे धरून उभे होते.

"बोला मावशी. आमच्या माणसाला तुम्ही काय सांगितलं होतं?"

"मीच केली म्हणाले होते."

"मग आज काय म्हणणं आहे?"

मी मागे बघितलं. एका बाकावर हमीदाभाभी. तिला बघून मला पत्र्याची ठिबक आठवली. तिच्या शेजारी मालक, आणि मालकांना खेटून बापू. त्याच्याच जीपमधून आम्ही आलो होतो ना! दुसरा कुणीही असता तरी चाललं असतं. नेमका बापू.

जज मॅडम म्हणाल्या, "बाई, घाबरू नका. खरं काय ते सांगा."

मी पदर सावरला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, ती भाकरी मी केली!"

मालक बाकावरून उठून उभे. मिशी थरथरत होती. सगळं कोर्ट मागे वळलं. बापूचं तोंड उघडं पडलं ते उघडंच राहिलं.

"खाली बसा. तुम्ही कोण?" मॅडम म्हणाल्या.

"मी तिचा नवरा. हिचा हात मोडल्यापासनं सगळ्या भाकरी मीच केल्या. तिला कायबी बोलू नका."

पट्टेवाल्याने त्यांना बसवलं. कंपनीचे वकील म्हणाले, हा बनाव आहे. शिंदे वकीलबाईंनी लगेच अर्ज दिला, की यांचीही साक्ष घ्यावी. मॅडमनी परवानगी दिली. दुपारी मालक साक्षीला उभे राहिले. ट्रॅक्टरच्या सीटवर बसतात तसे छाती काढून.

कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही भाकरी करता, मग तुमच्या बायकोने खोटं का सांगितलं?"

"मीच सांग म्हणालो. म्हंजे तोंडानं न्हाय, दारामागनं हातानं."

"का?"

मालकांनी बापूकडे बघितलं. "गावात हसत्याल म्हणून."

"मग आज सांगताय ते?"

"आता बायकोपेक्षा गाव मोठं हाय का साहेब?"

त्या वेळी मला रडू येत होतं. पण पुढे जे झालं त्याने ते तिथल्या तिथं आटलं. शिंदे वकीलबाईंनी तो फोटो मालकांपुढे धरला. "ही भाकरी तुमचीच, हे कशावरून?"

मालक फुशारकीने म्हणाले, "बघा की. एकदम गोल हाय."

मी मान वर करून फोटो नीट बघितला. भीतीने इतका वेळ बघितलाच नव्हता. भाकरीला तीन कोपरे होते. एक बाजू कुणी शेजाऱ्याने बांध सरकवावा तशी आत गेलेली. मधोमध चार बोटांचे ठसे. आणि ती गोल!

मला हसू फुटलं. मी लाजरी बाई, तोंडावर पदर घेतला, खाली बघितलं, जीभ चावली. काही उपयोग झाला नाही. भाभीला फोटो दिसला तशी तीही सुरू झाली. "या अल्ला! ही सुमनची भाकरी? अशी भाकरी दिली असती तर गिऱ्हाइकानं खानावळ पेटवली असती माझी!"

"हसतीस काय?" मालक तिथूनच माझ्यावर ओरडले. "घरात तर गोल हाय म्हणत हुतीस!"

"तुमचं मन राखायला म्हणत हुते!"

पट्टेवाला हसला. कंपनीचे वकील खाली कागद बघू लागले, पण त्यांचे खांदे हलत होते. मॅडमनी फाईल तोंडापुढे धरली. जरा वेळाने फाईल खाली आली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. रिपोर्ट लिहिणारा कंपनीचा माणूसही कोर्टात होता, त्याला त्यांनी विचारलं, "भाकरी करताना तुम्ही यांना बघितलंत का?"

"नाही मॅडम. नुसतं विचारलं."

"आणि हात वळवून दाखवा म्हणालात का?"

"नाही. जेवण फार चांगलं होतं मॅडम."

मग मॅडमनी मला पुढे बोलावलं आणि मनगट वळवून दाखवायला सांगितलं. जेवढं वळलं तेवढं मी वळवलं. त्यांनी ते लिहून घेतलं. वर मला बजावलं, "बाई, पाहुणा असो नाहीतर कुणी असो, दुखत असेल तर दुखतंय म्हणा."

मी म्हणाले, "व्हय मॅडम." सवयीने तोंडात बरं हाय आलं होतं, ते गिळलं.

परत येताना आम्ही बापूच्याच जीपमध्ये बसलो. मालक खिडकीतून बाहेरचा ऊस बघत होते. आता बापू सुरू होणार, गावात शिरायच्या आत सुरू होणार, याची ते वाट बघत होते. वाटेत बापूने जीप कडेला घेतली. इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "तात्या."

"बोल. बोल काय बोलायचं ते."

"पाण्याची बाजू करपती रे माझी. जाळ किती ठिवायचा?"

पाण्याची बाजू म्हणजे भाकरी तव्यात टाकल्यावर जिला वरून पाणी लावतात ती. जी माणसं भाकऱ्या करतात त्यांनाच तो शब्द माहीत असतो.

मालक त्याच्याकडे वळले. "कवाधरनं?"

"दोन वर्सं झाली. हिचे गुडघे धरल्यापासनं. दार लावून करतो."

पुढे लासुर्ण्यापर्यंत दोघे जाळ, तवा आणि पिठावर भांडत आले. मागे मी आणि भाभी हसून हसून एकमेकींवर पडत होतो. माझी भाकरी किती चुकीची होती हेसुद्धा त्यांनी मला ऐकवलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. कंपनीने भरपाई बँकेत जमा केली. आता या सगळ्यातून शिकायचं काय, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगेन. क्लेम चालू असताना अनोळखी माणूस दारात आला तर त्याला जरूर जेवू घाला, पण भाकरी कुणी केली ते आधीच ठरवून ठेवा.

ऑपरेशनला भाभीने भरलेले पैसे बँकेतून काढून आम्ही दोघे खानावळीत गेलो. जेवणाची वेळ होती, बाकं भरलेली. भाभीने पैसे घ्यायला हातच पुढे केला नाही.

"आधी तात्यांनी हितं एक भाकरी करायची. दार उघडं ठिवून."

मालकांनी मिशीला हात लावला. मग बाह्या सरसावल्या, काठवटीपुढे बसले आणि सगळ्यांदेखत भाकरी बडवली. एक ट्रकवाला म्हणाला, "तात्या, हा नकाशा कुठल्या तालुक्याचा?" सगळी खानावळ हसली. सगळ्यांत जोरात मालक हसले. भाभीने ती भाकरी पिठल्याबरोबर शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. हात धुतला, पदराला पुसला, आणि मग पैसे घेतले. सगळेच्या सगळे.

"फिटले गं," ती म्हणाली, आणि वर गळक्या पत्र्याकडे बघून हसली.