आमच्या ह्यांचं मत

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. अडकलेल्या लिफ्टच्या दाराला नुसता कान लावून बिघाड कुठे आहे ते छातीठोक सांगतात. घरी मात्र या माणसाला मत म्हणून नाही. मुलीचं नाव काय ठेवायचं? "तुम्हीच ठरवा." घर बदलायचं का? "बघू." लोक म्हणतात, किती शांत स्वभाव! शांत कसले, अंग चोरणारे.

घरात वाद एकच, आणि तो माझ्या लग्नाच्याही आधीचा. सासूबाई शर्टांना काजं करता करता प्रार्थना पुटपुटायच्या. वर कोणीतरी आहे आणि तो आपलं ऐकतो, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. सासऱ्यांचा जन्म गिरणीच्या बॉयलरवर गेलेला. वर कोणी नाही, कधी नव्हतं, हे ते ठणकावून सांगायचे, तेही नेमकं प्रार्थना चालू असताना. दोघांच्या मधे ताट घेऊन बसलेले हे म्हणायचे, "असेल किंवा नसेलही. आपल्याला कळायला मार्ग नाही." हे म्हणणं प्रामाणिक असू शकतं. माझंही मत फार वेगळं नाही. पण खरोखर न कळणं वेगळं, आणि अंगावर काही यायला नको म्हणून न कळणं वेगळं.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा आम्हा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मला निरोप देताना प्रार्थना म्हणा. दुसरं काही मागत नाही."

त्या गेल्या. त्यांना घेऊन निघायच्या वेळी सासरे दारात उभे राहिले. "प्रार्थना-बिर्थना काही होणार नाही. जन्मभर जे खोटं मानलं, ते आज कसं चालवून घेऊ?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, तुम्ही नका म्हणू. पण आईंनी मागितलं होतं!"

"सूनबाई, तू थांब. तिच्या मुलाला बोलू दे." ते ह्यांच्याकडे वळले. "बोल. म्हणायची की नाही?"

ती प्रार्थना येत होती फक्त ह्यांना. लहानपणी आईंनीच शिकवलेली. मला येत असती, तर मी कोणाच्या तोंडाकडे बघितलं नसतं.

हे खाली बघत म्हणाले, "मला खात्रीने काही सांगता येत नाही, बाबा."

"अहो, देव आहे का, हे कोणी विचारलंच नाहीये!" मी ओरडले. "आई काय म्हणाल्या, ते सांगा. ते तर कानांनी ऐकलंत ना?"

गाडी आली का ते बघायला हे जिना उतरून गेले. सासूबाईंचं सगळं मुक्याने उरकलं.

संध्याकाळी मी सासऱ्यांना चहा दिला, ह्यांना दिला नाही. सासरे कप हातात धरून बसले आणि मग ह्यांना म्हणाले, "अरे, 'म्हणायची' एवढं बोलला असतास, तर मी बाजूला झालो असतो. मला आपणहून वाकता येत नाही रे. तिच्यासाठी तुझ्याकडून हरायलाच मी दारात उभा होतो."

हे रडायला लागले. मला दया आली नाही, दोघांचीही. एकाला वाकता येत नाही, दुसऱ्याला उभं राहता येत नाही, आणि मधल्यामधे आई त्या चार शब्दांना मुकल्या.