धाकटीच्या पायाशी

थोरलीला धाकटीचं काही बघवत नसे, आणि ती ते लपवतही नसे. आईवडील गेल्यावर शिवणयंत्र चालवून तिनं धाकटीला आणि भावाला वाढवलं. पण भावाला गप्पांना धाकटी, सल्ल्याला धाकटी. थोरली आठवायची ती शर्टाचं बटण तुटलं की.

म्हणून भावाची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा, "माझं घ्या," असं तिनं सगळ्यांच्या आधी सांगून टाकलं. मागोमाग धाकटीही तेच म्हणाली आणि थोरलीच्या पोटात दुखू लागलं.

दोघींची एमआरआय तपासणी ठरली. शिरेतून औषध सोडायचं आणि कुठलं मूत्रपिंड किती काम करतं ते चित्रांत बघायचं. आधी थोरली. तंत्रज्ञाचं बोट तिच्या बाहीकडे गेलं. शिंपीणबाई सवयीनं टाचण्या टोचूनच आल्या होत्या.

"काढा बाई, नाहीतर मशीन काढून घेईल."

श्वास रोखायला सांगितला की ती मुळीच हलायची नाही. सुईत दोरा ओवताना ती आयुष्यभर तेच करत आली होती.

डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवली. "तुमचं डावं जवळपास कामच करत नाही. उजवं एकटं सगळं ओढतंय. ते आम्हाला घेता येणार नाही."

म्हणजे घरातलीच तऱ्हा आतही, थोरलीला वाटलं.

मग धाकटी आत गेली आणि घाबरली. श्वास धरवेना, चित्रं पुसट. बाहेर थोरलीला बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं.

तंत्रज्ञ म्हणाला, "असं असेल तर शिरेत औषध सोडून उपयोग नाही. देणारं दुसरं कुणी आहे का?"

"नाही," थोरली म्हणाली, आणि स्वतःचंच ते उत्तर ऐकून उठली. टाचण्या बाहेर ठेवल्याच होत्या. आत जाऊन तिनं धाकटीचं पाऊल धरलं.

"मी दाबलं की श्वास धर. सोडलं की सोड. कळलं?"

"हो, ताई."

चित्रं स्वच्छ आली. दोन्ही मूत्रपिंडं उत्तम. हिचं मेलं सगळंच उत्तम, थोरली जळफळली.

संध्याकाळी भाऊ धाकटीचा हात धरून रडला. थोरली दारातच उभी राहिली.

धाकटी म्हणाली, "मी तर उठून पळणार होते. ताईनं पाय धरून ठेवला."

"ताई, तिकडे काय उभी? इकडे ये ना," भाऊ म्हणाला.

धाकटीनं सरकून जागा केली. थोरली बसली, भावाचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. डोळे भरून आले होते, तरी ही जागा धाकटीनं दिलेली आहे, हे काही तिच्या मनातून जाईना.