माठ दाराशी ठेवणाऱ्या शालिनीताई

आज रविवार, सात डिसेंबर. सकाळी थंडी होती. पूजा झाल्यावर दूध तापवले, बाजारातून मेथी आणली, निवडून ठेवली आणि जेवण उरकून हे लिहायला बसलो.

शालिनीताई येत्या महिन्यात पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी मीही काही लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले. मी लेखक नाही. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. आमच्या रंगमंडळात मला सगळे 'उषाताईंचे मिस्टर' म्हणून ओळखतात. उषा जाऊन आता सात वर्षे होत आली, तरी ओळख तीच आहे, आणि ती मला पुरते.

ताईंची पहिली भेट चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या सुमाराची. त्या शाळेतल्या नोकरीतून नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या आणि मंडळात त्यांनी दोन कामे हाती घेतली होती. एक म्हणजे गावातल्या साध्या माणसांकडून नवी नाटके लिहून घेणे आणि ती रंगमंचापर्यंत नेणे. दुसरे म्हणजे वस्त्यांमध्ये, खेड्यांमध्ये नाटकाचे वर्ग चालवणे. माझी पत्नी उषा पोस्टात काउंटरवर होती. शनिवारी दुपारी ती पंचवटीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये ताईंच्या लेखनाच्या वर्गाला जाई. एका शनिवारी मी तिला न्यायला गेलो. आत कोणाच्या तरी नाटकाचे वाचन चालू होते. मी दाराशीच उभा राहिलो.

ताईंनी चष्म्यावरून पाहिले. "तुम्ही कोणाचे?"

"उषाचा. म्हणजे तिला न्यायला आलोय."

"न्या हो, तिला कोण ठेवून घेतंय? आधी आत या. सासऱ्याचं काम वाचायला माणूस नाही."

मी वाचले. जिथे हसण्यासारखे काही नव्हते तिथे लोक हसत होते. वाचन संपल्यावर मी ताईंना म्हणालो, मला हे जमत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तसं वाचता. हा सासरा तसाच आहे. पुढच्या शनिवारी या." स्कूटरवर मागे बसलेली उषा घर येईपर्यंत हसत होती. त्यानंतर मी जातच राहिलो.

या वाचनांना ताई 'कच्चे वाचन' म्हणतात. नाटक पुरे झालेले नसते, पात्रे हातात कागद घेऊन बसतात आणि समोर नाटकवाल्यांऐवजी शेजारपाजारची माणसे असतात. मखमलाबादकडून फुले घेऊन येणाऱ्या बायका, हमाल, रिक्षावाले, शाळेच्या शिपायाचे कुटुंब. सुरुवातीला ताई वाचनानंतर त्यांना मत विचारत. सगळे 'छान आहे' म्हणत. कितीही कंटाळले असले तरी 'छान आहे'च. पाहुण्यांच्या घरी भाजी खारट झाली तरी आपण काय म्हणतो, तसेच ते. मग ताईंनी मत विचारणे बंद केले आणि पाण्याचा माठ आतल्या कोपऱ्यातून उचलून दूर, दाराशी नेऊन ठेवला. ज्याला कंटाळा येईल त्याला तहान लागते, असे त्यांचे म्हणणे. चार माणसांच्या पायांवरून वाट काढत तो जेव्हा उठेल, तेव्हा ताई हातातल्या प्रतीवर त्या ओळीसमोर बारीक अक्षरात 'पाणी' लिहितात. वाचन संपल्यावर ती प्रत लेखकाला मिळते.

त्याचे नियमही ठरलेले होते. लेखकाचे नाव शेवटपर्यंत सांगायचे नाही. लेखकाने मागे बसायचे आणि तोंड उघडायचे नाही. आणि 'पाणी' कितीही असले तरी लेखकाशिवाय कोणी एक शब्द खोडायचा नाही, ताईंनीही नाही.

एकदा उन्हाळ्यात एक मोठे अधिकारी वर्गाच्या उद्घाटनाला आले. त्यांचे भाषण लांबले आणि माठाशी रांग लागली. खाली उतरल्यावर त्यांनी विचारले, "त्या माठाशी एवढी गर्दी कशाची?" ताई म्हणाल्या, "ऊन फार आहे हो यंदा." साहेब खूश होऊन गेले. ताईंनी माणसाला खाली पाहायला लावल्याचे मी कधी पाहिले नाही.

वस्तीतल्या वर्गांबद्दल इतर लिहितीलच. मी सोबत गेलो तो देवळाली कॅम्पचा वर्ग मला आठवतो. जवानांच्या बायका आल्या होत्या, निरनिराळ्या राज्यांतल्या, एकमेकींची भाषा न समजणाऱ्या. ताईंना मराठीखेरीज मोडके हिंदी येते. त्या म्हणाल्या, "बच्चा जेवायला येत नाही. बुलाव उसको." एकेक जण उठून आपल्या भाषेत पोराला हाका मारू लागली. आधी गोड, मग रागाने, मग बापाचे नाव काढून. शेवटी सगळ्याच एकदम ओरडू लागल्या आणि बाहेर खेळणारी पोरे खरोखरच धावत आत आली. त्या दिवशी पाठ वगैरे काही झाला नाही. पुढच्या आठवड्यात मात्र वर्गाला दुप्पट बायका होत्या.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते सांगतो.

बरीच वर्षे त्या वर्गाला गेल्यावर उषाने स्वतःचे एक नाटक लिहायला घेतले होते, 'शेजारची टोपली'. दोन सख्ख्या जावा फुलबाजारात शेजारी शेजारी बसतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत. जे बोलायचे ते गिऱ्हाइकाला ऐकवतात. "बाई, काहींच्या झेंडूला आदल्या दिवसाचा वास येतो" असे एकीने म्हणायचे आणि दुसरीने आपल्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचे. पहिला अंक झाला आणि उषा आजारी पडली. ताई दवाखान्यात भेटायला येत. तब्येतीची चौकशी नर्सकडे करत आणि उषाला विचारत, "थोरलीचं काय झालं पुढे?" तो प्रश्न ऐकला की उषा उशी मागे घेऊन बसायची. शेवट, म्हणजे धाकटीचे एक वाक्य, तिने आधीच लिहून ठेवला होता; अडले होते ते थोरलीपाशी. थोरल्या जावेचा नवरा वारलेला आहे. त्याच्याबद्दल ती गिऱ्हाइकाशी बोलते, ते मोठे भाषण उषाने मला सांगून लिहून घेतले. तिचे शेवटचे लिखाण तेच. त्यानंतर ती गेली.

दिवस झाल्यावर ताई घरी आल्या. निघताना म्हणाल्या, "उषाचं वाचन लावतेय शनिवारी. तिच्या जागी तुम्ही बसायचं. नियम तोच."

मी मागे बसलो. लेखिका हयात नाही, हे ताईंनी लोकांना सांगितले नाही. पहिल्या अंकाला फुलवाल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत हसत होत्या. मग ते भाषण आले. एक बाई उठली. मग दोघी. मग एक अख्खी ओळ. माठ माझ्या पाठीशीच होता.

"मघाशी गप्प होती तवा बरी होती," एक म्हणाली. "आता थांबतच नाय."

"हळू बोल गं. ताई बघत्यात."

"बघू दे. लय बोलती पण."

हॉल रिकामा झाल्यावर मी ताईंना विचारले, "तुम्ही लोकांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर कोणी उठलं असतं का?"

"नसतं."

"मग उषाचं नाटक कसं झालंय ते कोणाला कळलं असतं? मला तिचं स्मारक नाही करायचं. नाटक करायचंय." त्यांनी प्रत माझ्या हातात दिली. भाषणाच्या दोन्ही पानांवर 'पाणी', 'पाणी' लिहिले होते. "तिच्या जागी बसलात ना? आता ठरवा."

"आणि मी काहीच खोडलं नाही तर?"

"तर आहे तसं बसवीन. शब्द इकडचा तिकडे होणार नाही. पण लोक उठतील आणि दर प्रयोगाला तुम्ही ते बघाल."

मंडळातल्या काहींनी ताईंना सुचवले, शेवटचे लिखाण आहे, राहू द्या. काहींनी मला सुचवले, ताईंना कळते, खोडून टाका. ताईंनी दोन्ही बाजूंना एकच उत्तर दिले, "ते ठरवतील." तालमी पहिल्या अंकाच्या चालू ठेवल्या आणि मला एकदाही विचारले नाही. मला त्यांचा राग आला होता. ती दोन पाने काढली तर उषाचे मागे काय उरते, हा माझा प्रश्न होता, आणि तो मी कोणाला विचारू शकत नव्हतो.

शेवटी एका दुपारी मी ती पाने घरात मोठ्याने वाचली, माझ्या त्या घोषणेच्या आवाजात. वाचताना आठवले की यातली बरीच वाक्ये सांगताना उषा मध्येच थांबायची आणि म्हणायची, "हे नाही हो, दुसरं काहीतरी हवंय. असू दे, लिहा तूर्त." एकच वाक्य तिने न थांबता सांगितले होते: "त्यांचा सदरा दोरीवरच हाय. उन्हानं रंग जाईल म्हणून काढते, अन् परत धुऊन घालते." मी तेवढे ठेवले. बाकीचे पेन्सिलने खोडले आणि प्रत ताईंना नेऊन दिली. त्यांनी उभ्या उभ्या दोन वेळा वाचली. "बसवते," एवढेच म्हणाल्या.

पहिला प्रयोग लासलगावला, कांद्याच्या बाजारातल्या एका शेडमध्ये झाला. लिलाव बंद असलेला दिवस होता. समोर कांदा निवडणाऱ्या बायका, ट्रॅक्टरवाले, पोरेबाळे. माठ ताईंनी हट्टाने दाराशी ठेवायला लावला होता. थोरलीने सदऱ्याचे वाक्य गिऱ्हाइकाला सांगितले आणि गप्प झाली. कोणी हलले नाही. धाकटी आपल्या गिऱ्हाइकाचे गजरे बांधत होती, तिचा हात थांबला. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक बाई म्हणाली, "बोल की गं आता तिच्याशी."

धाकटीचे काम करणारी मुलगी नवखी होती, पण थांबायला शिकली होती. ती थांबली. मग गिऱ्हाइकाकडे न बघता, शेजारी वळून म्हणाली, "तुम्ही जा घरी, बाई. तुमचा मोगरा मी विकते."

ताई रंगमंचाकडे बघत नव्हत्या. नेहमीप्रमाणे मागे भिंतीला टेकून माणसांकडे बघत होत्या. प्रतीवर त्यांनी काही लिहिले नव्हते. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "उषाला कळवा," आणि कलाकारांकडे गेल्या.

त्या नाटकाचे पुढे बरेच प्रयोग झाले. जाहिरातीत लेखिकेचे नाव असते, त्याआधी 'कै.' नसते. ते ताईंनी घालू दिले नाही. कारण मी विचारले नाही.

ताईंनी माझे सांत्वन कधी केले नाही. दुसऱ्यांनी पुष्कळ केले, त्यांचाही मी आभारी आहे. पण माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल सगळेच चांगले बोलू लागतात आणि तो हळूहळू फोटोतला होतो. ताईंनी उषाला तसे होऊ दिले नाही. ती जिवंत असती तर जशी वागणूक तिला मिळाली असती, तशीच त्यांनी दिली. तिचे चुकले तिथे 'पाणी' लिहिले. याहून मोठा मान मला माहीत नाही.

ताईंचे गुडघे आता दुखतात. वाचन त्यांच्यासाठी तळमजल्यावर आणले आहे, याबद्दल त्या अजून कुरकुरतात. त्यांना उदंड आयुष्य मिळो. गुडघ्यांनी साथ द्यावी, डोळ्यांनी बारीक अक्षर वाचू द्यावे आणि नाशिकमध्ये ज्या कोणाच्या मनात अर्धवट नाटक असेल त्याला पुढची अनेक वर्षे त्यांच्या वाचनात मागे बसायला मिळावे, एवढीच प्रार्थना करतो.

लिहून झाल्यावर हा लेख मी घरात एकदा मोठ्याने वाचून पाहिला. उषाच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी एक सबंध पान लिहिले होते. ते काढले आणि 'त्यानंतर ती गेली' एवढेच ठेवले. राहिलेली पाने क्रमाने लावून टाचली. बाहेर अंधार पडत होता. दिवा लावला आणि भाताचे तांदूळ धुवायला घेतले.