तांबेसरांचं सोळा दिवसांचं गणित

बांधावर पऱ्हाटी जळताना दिसली की तांबेसर धावत्या एसटीतूनही शिव्या घालायचे. कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं जाळायची, ही आमच्याकडची रीतच. माझा बापही जाळायचा. "अबे, इंधन जळून राह्यलं ते," सर म्हणायचे. "कमी हवेत तापवलं तं कार्बन मोनॉक्साइड न् हायड्रोजन निघते. तांब्यावर दोघांची गाठ पडली का झालं मिथेनॉल."

उठताबसता तांब्याचंच बोलायचे, म्हणून तांबेसर. यवतमाळला आमच्या कॉलेजात ते तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत. तांब्यात जस्त मिसळलं तर ती गाठ सोपी पडते का, याचं गणित ते विभागातल्या एकुलत्या बऱ्या कॉम्प्युटरवर चालवायचे. एकेक गणित पंधरा-वीस दिवस चाले. कोळसा आमचा, वीज दुसऱ्यांची, लोडशेडिंग आमचं. म्हणून सरांनी कळंबहून घरचा इन्व्हर्टर एसटीत घालून आणला होता.

विभागप्रमुख टोमणे मारत. "कापसाला भाव नाही, आणि हे पऱ्हाटीची दारू काढणार."

"प्याल तं मराल सर," तांबेसर म्हणत. "इंजिनात टाका."

त्या खंडेनवमीला शेवटच्या गणिताचा सोळावा दिवस होता. पीएच.डी.चा प्रबंध द्यायची मुदत तोंडावर आलेली. सर पानं छापून आणायला बाहेर गेले होते. विभागप्रमुखांनी यंत्रपूजा मांडली. "आज यंत्रांना विश्रांती. या कॉम्प्युटरवर काही चालू नाही ना रे?"

हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात होतं आणि माझे प्रॅक्टिकलचे गुण त्यांच्या हातात. मी मान हलवली. नाही.

त्यांनी बटण दाबलं, वर झेंडू ठेवला. मधले आकडे साठवायला डिस्कवर जागाच नव्हती. सगळं गेलं.

माझा बाप शाळेत गेला नाही. पण धन्याला विचारल्याशिवाय त्यानं दुसऱ्याच्या वखराला कधी कुंकू लावलं नाही.

मुदत टळली. पुढच्या वर्षी सरांना तासही मिळाले नाहीत. बसस्टँडवर त्यांचं सामान मीच चढवलं.

"तू होता ना बे तिथं?"

"हो सर."

"मंग बोलला काहून नाही?"

उत्तराची वाट न बघता ते बसमध्ये चढले.

घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि त्याचा मला अभिमान आहे. विभागप्रमुखांना मी वीस वर्षं शिव्या घालतो आहे. पण गणित चालू आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.